पडद्याचें चित्र आणि त्याची दुरुस्ती

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पेरा नोंदविण्याचें काम शेतकऱ्याच्या हातांतील मोबाइलवर आलें. गोंदिया जिल्ह्यांत हा पेरा मुख्यत्वें धानाचा. तिरोड्यास असो वा अर्जुनी मोरगांवास, एखादा जाणता तरुण शेजाऱ्यांकरितां माहितीची पुस्तिका रचावयास बसला, कीं त्यास शब्दांपेक्षां पडद्याच्या चित्रांचा, म्हणजे स्क्रीनशॉटचा, आधार अधिक घ्यावा लागतो. चित्र घेणें सोपें. त्यावर बाण काढणें, नको तो भाग कापणें व खासगी मजकूर झांकणें ह्यांसाठीं कोणतें सॉफ्टवेअर निवडावें, हा खरा प्रश्न.

पहिली कसोटी झांकण्याची. पडद्यावर खातेदाराचें नांव, गट क्रमांक, मोबाइल क्रमांक उमटलेले असतात. पुष्कळजण ते पुसट करून निश्चिंत होतात. परंतु अंक अवघे दहा. प्रत्येक अंक तसाच पुसट करून चित्राशीं ताडून पाहिला, तर मूळ क्रमांक उलगडण्याचा संभव राहतो. भरीव काळा चौकोनच विश्वासाचा. कापलेला भाग तरी खरोखर जातो काय? मार्च २०२३ मध्यें असें उघडकीस आलें कीं, गूगलच्या पिक्सेल फोनांतील व विंडोजमधील चित्र कापण्याच्या साधनांत दोष होता. नवें लहान चित्र जुन्या फाइलवरच लिहिलें जाई, पण जुन्या फाइलचें शेपूट मागें तसेंच राही, आणि त्यांतून कापलेल्या भागाचा बराच अंश परत मिळवितां येई. दोष पुढें दूर झाला. त्यापूर्वीं धाडलेलीं चित्रें मात्र लोकांच्या हातीं तशींच राहिलीं.

देवनागरीची परीक्षा सोपी आहे. ‘पेऱ्याखालील क्षेत्र’ एवढे दोन शब्द चित्रावर लिहून पाहावे. जोडाक्षर फुटलें, तर तें सॉफ्टवेअर बाजूस ठेवावें.

ॲपची नवी आवृत्ति निघाली कीं बटणांच्या जागा बदलतात व सारीं चित्रें पुन्हां करावीं लागतात. म्हणून बाण व चौकोन निराळे राखणारें साधन हवें. विंडोजवर ग्रीनशॉट विनामूल्य मिळतें व एवढ्या कामास पुरतें. गिंपही विनामूल्य; तें चित्राचे थर आपल्या एक्ससीएफ फाइलींत जपतें, परंतु नुसत्या बाणासाठीं जड पडतें. थरांची फाइल घरींच ठेवावी, कारण तींतील काळा चौकोन कोणीही उचलूं शकतो. बाहेर द्यावयाची प्रत पीएनजी असावी. जेपीईजींत अक्षरांच्या कडा मळतात.

शेवटीं पुस्तिकेच्या झेरॉक्स प्रतीच निघावयाच्या. तांबडा बाण त्यांत राखी होऊन हरवतो; जाड काळी रेघ आणि शेजारीं मोठा आंकडा दिसतो.