ज्योत्स्नाबाई भोळे : रंगभूमी आणि गृह

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आरंभीच एक मार्मिक कथा आहे. नाट्यातील कोमल अशी कैशिकी वृत्ती स्त्रियांवाचून केवळ पुरुषांकडून साधणार नाही, असे भरतांनी सांगितल्यावरून ब्रह्मदेवाने अप्सरा निर्माण केल्या. शास्त्राचा अभिप्राय इतका स्पष्ट असता, १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी आरंभिलेल्या मराठी नाटकात मात्र सीतेपासून शकुंतलेपर्यंत नायिका दीर्घकाळ बहुधा पुरुषच झाले. स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळ्या होत्या. परंतु कुलीन म्हणविणारे त्यांजकडे आदराने पाहत नसत.

हा दोष केवळ आमचाच, असे कोणी समजू नये. इंग्लंडात १६६० पासून स्त्रिया नाटकांत येऊ लागल्या. पेग वॉफिंग्टन ही डब्लिनची आयरिश नटी १७४० साली लंडनमध्ये पुरुषवेषाने सर हॅरी विल्डेअरची भूमिका करून गाजली. पुढे बालगंधर्वांनी लुगडे नेसून जे केले, ते हिने विजार घालून केले! १७५७ च्या मे महिन्यात शेक्सपिअरच्या एका नाटकाचे भरतवाक्य म्हणता म्हणता ती कोसळली, ती पुन्हा रंगभूमीवर उभी राहिली नाही. १७६० साली वारली. परंतु लोकांनी तिच्या अभिनयाइतकीच तिच्या खासगी आयुष्याची चर्चा चालविली.

या पार्श्वभूमीवर ज्योत्स्नाबाईंचे चरित्र पाहावे. त्यांचा जन्म १९१४ साली गोव्यात झाला. माहेरचे नाव दुर्गा केळेकर. १९३२ साली त्यांचा विवाह केशवराव भोळे यांच्याशी झाला. हे केशवराव आमच्या अमरावतीचे, जन्म १८९६. प्रभातच्या 'संत तुकाराम' व 'कुंकू' या बोलपटांचे संगीत त्यांचेच. वीर वामनराव जोश्यांसारखा नाटककार देणाऱ्या वऱ्हाडाने मराठी रंगभूमीला असा संगीतकारही दिला, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

विवाहानंतर स्त्रीने रंगभूमी सोडावी, हा रूढ समज. येथे उलट घडले. १ जुलै १९३३ रोजी मुंबईस नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले. श्री. वि. वर्तकांनी ते नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून रचले होते. वधूकडून जी शुचिता अपेक्षितात, ती वराकडूनही का नको, हा त्यातला प्रश्न. त्यात बिंबेच्या भूमिकेत ज्योत्स्नाबाई होत्या आणि संगीत पतीचे होते. तासन्‌तास चालणाऱ्या ताना जाऊन मोजकी, प्रसंगानुरूप पदे आली.

पुढे १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'त त्या भानुमती झाल्या. संगीत मास्टर कृष्णरावांचे. संसारासाठी बोलपटात काम करणारी पत्नी आणि तिच्या कीर्तीने दुखावणारा पती, हा त्यातला पेच. रंगमंचावर जो संसार मोडकळीस येत होता, त्याच्या उलट चित्र त्यांच्या स्वतःच्या घरी होते. पत्नीच्या कीर्तीने केशवरावांचे काही उणे झाले नाही. २००१ साली ज्योत्स्नाबाई निवर्तल्या, तेव्हा गायिका व नटी म्हणून महाराष्ट्र त्यांना आदराने ओळखत होता.

आता प्रश्न आमच्या घरांचा. परक्याची मुलगी गायली की आम्ही पुढच्या रांगेत बसून मान डोलावतो. स्वतःची सून तालमीस निघाली की मात्र घड्याळाकडे पाहू लागतो. ज्योत्स्नाबाईंच्या अंगी गुण होताच. तो फुलला, कारण घराने दार लावून घेतले नाही. कुलवधू हा शब्द ज्यांना प्रिय आहे, त्यांनी या दाराचा विचार अवश्य करावा.