वाघाचा फोटो आणि त्याचा पत्ता

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाळी लावलेल्या बसमधून वाघ-सिंहांची सफारी करता येते. नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयातही 2021 पासून बसमधून सफारी सुरू आहे. तिथे काढलेल्या फोटोंना वन्यजीव छायाचित्रकारांच्या गोटात फारसा मान नसतो. बंदिस्त जनावराच्या फोटोचे कौतुक ते काय, असा त्यांचा सवाल असतो. मला हा आक्षेप निम्माच पटतो. सफारी उद्यानातला फोटो मुळात खोटा नसतो. तो कुठे काढला हे लपवले की मात्र खोटा होतो.

कसबाची गोष्ट आधी घेऊ. बसमधून फोटो काढताना पहिली अडचण जाळीची. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस समोरच्या तारेवरच अडकतो, म्हणून एकच फोकस बिंदू निवडून तो जनावराच्या डोळ्यावर धरावा लागतो. लेन्स जाळीच्या अगदी जवळ नेली, ॲपर्चर पूर्ण उघडले आणि जनावर थोडे लांब असले, तर तारा इतक्या धूसर होतात की फोटोत दिसतही नाहीत. पण जाळीवर थेट ऊन पडले असेल, तर सगळ्या फोटोवर पांढुरका पडदा चढतो. त्यामुळे बसची सावलीची बाजू बरी. लेन्स गजाला टेकवली, तर इंजिनाची थरथर फोटोत उतरते. शिवाय सिंह दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो, म्हणून सकाळच्या पहिल्या फेऱ्या महत्त्वाच्या. हे सगळे सांभाळून मिळालेल्या चांगल्या फोटोमागे मेहनत नाही, असे कसे म्हणणार?

मग बिघडते कुठे? ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या नामांकित स्पर्धेत 2009 चा सर्वोच्च पुरस्कार फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाला होता. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि 2010 मध्ये पुरस्कार रद्द केला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, पण निकाल बदलला नाही. फोटोची चौकट, प्रकाश, क्षण यांत काहीच उणे नव्हते. प्रश्न होता तो फोटो काय सांगतो याचा. बोरिवलीच्या सिंहाचेही तसेच. 2022 मध्ये तिथे आणलेली सिंहाची जोडी जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून आली. भारतात रानातला सिंह फक्त गुजरातेत आहे. तरीही जाळी पुसून गेलेला तो फोटो ‘जंगलचा राजा’ म्हणून फिरतो, तेव्हा पाहणाऱ्याची फसवणूकच होते.

फोटो सुंदर आहे, मग पत्ता कशाला, असे कुणी म्हणेल. पण पत्ता लपवलेल्या अशा फोटोंमुळे वाघ हाताच्या अंतरावर दिसायलाच हवा, ही अपेक्षा रुजते आणि तिचा भार खऱ्या जंगलावर पडतो. व्याघ्र प्रकल्पांत प्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर राखावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. तरीही 2024 च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. उलट, वाघाचा चेहरा जवळून टिपायची हौस सफारी उद्यानात भागत असेल, तर रानातल्या वाघाचा त्रास तेवढा टळेल.

असे फोटो काढणे म्हणजे प्राणी कोंडून ठेवण्याला पाठिंबा देणे, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण माणसांशी संघर्षात सापडलेल्या किंवा पोरक्या झालेल्या प्रत्येक वाघ-बिबट्याला पुन्हा रानात सोडता येत नाही. त्यांना ठेवायला जागा लागतेच. त्यांना शांत राहू देणे मात्र आपल्या हातात आहे. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणे, खायला घालणे, आवाज करून सतावणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. तेव्हा सफारीला जरूर जा, फोटो मन लावून काढा. वाघाने मान वळवावी म्हणून शीळ घालू नका. आणि फोटो लोकांपुढे ठेवताना त्याखाली स्पष्ट लिहा: सफारी उद्यान, बंदिस्त प्राणी.