सुप्याचे कंद ऑनलाइन विकताय? थीम नंतर, आधी मेन्यू लावा

जोयडा : जानेवारीतला कंदमेळा एकदाच भरतो, पण मुडली, कोनफळ, कणंग विचारणारं गिऱ्हाईक हंगामभर असतं. म्हणून बचत गट आणि तरुण शेतकरी शॉपिफाय किंवा वर्डप्रेसवरच्या वूकॉमर्सवर स्वतःचं दुकान उघडू शकतात. खातं उघडलं की पहिला मोह होतो तो थीम बदलायचा. रंग, फोटो, अक्षरं यात आठवडा जातो आणि मेन्यू मात्र 'होम, शॉप, अबाउट' असाच राहतो.

थीम म्हणजे दुकानाची रंगरंगोटी आणि मेन्यू म्हणजे फळीवर काय कुठे ठेवलंय ते. रंग फिका असला तरी माल खपतो. पण माल सापडलाच नाही तर गिऱ्हाईक मागे फिरतं आणि कंद परत दलालाच्याच दरात जातात.

नाव कोणाच्या तोंडचं?

'मुडली' म्हटलं की जोयड्यात कळतं, पुण्यात नाही. म्हणून मेन्यूत 'मुडली – अळूचा कंद' असं लिहा. आपलं नावही राहतं आणि परक्यालाही समजतं. कणंगाला कोकणात कणगर म्हणतात, तेही जोडा. वर चार-पाचच नोंदी बऱ्या : ताजे कंद, मध-मसाले, सुकवलेलं-पापड, ऑर्डर कशी करायची, आमच्याविषयी. शॉपिफायमध्ये मेन्यू तीन पातळ्यांपर्यंत आत नेता येतो, पण फोनवर दोनच्या पुढे कोणी जात नाही. बघणारे बहुतेक फोनवरच असतात, तेव्हा प्रत्येक बदल आधी फोनवर तपासा.

कुठे बदलायचं?

शॉपिफायमध्ये 'कंटेंट'खाली 'मेन्यूज' आहे. जुन्या मांडणीत त्यालाच 'नेव्हिगेशन' म्हणत. वूकॉमर्समध्ये थीम जुन्या धाटणीची असेल तर 'अपिअरन्स'मधल्या 'मेन्यूज'मध्ये जा. तिथे मालाचे वर्ग दिसत नसतील तर घाबरू नका : वरच्या कोपऱ्यात 'स्क्रीन ऑप्शन्स' उघडून 'प्रॉडक्ट कॅटेगरीज'वर खूण करा. जानेवारी 2022 मध्ये आलेल्या वर्डप्रेस 5.9 पासून ब्लॉक थीमही चालतात. त्यांत हेच काम 'एडिटर'मधल्या 'नेव्हिगेशन'मध्ये होतं.

थीमला हात लावायच्या आधी शॉपिफायवर तिची 'डुप्लिकेट' काढा, बदल त्या प्रतीत करा आणि पटलं की मगच 'पब्लिश' करा. वर्डप्रेसमध्ये थीमच्या मूळ फाइलींत कोड घातला तर पुढच्या अपडेटला तो पुसला जातो. त्यासाठी 'चाइल्ड थीम' वापरतात.

मराठी अक्षरं तुटतात ती का?

बऱ्याच थीम रोमन लिपी समोर ठेवून केलेल्या असतात. मेन्यूतल्या अक्षरांत त्या मुद्दाम अंतर सोडतात. रोमनला ते शोभतं, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते. 'लेटर स्पेसिंग' शून्यावर आणा. वरच्या मात्रा कापल्या जात असतील तर 'लाइन हाइट' वाढवा. देवनागरीसाठी केलेला फॉन्ट निवडा, म्हणजे निम्मा त्रास जातो.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांतच ठेवा. तो देवनागरीत असला तर कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक ती बघूनच दाबायला बिचकतात.

हंगाम संपला तर?

कंद संपले म्हणून पान पुसून टाकू नका. मेन्यूतून ते काढा, पण पान राहू द्या आणि वर 'पुढचा माल थंडीत' असं लिहा. यंदा कोणी तरी पाठवलेली लिंक पुढच्या वर्षीही उघडली पाहिजे. शॉपिफायमध्ये पानाचा पत्ता बदलताना 'यूआरएल रीडायरेक्ट'ची खूण राहू द्या, म्हणजे जुनी लिंक नव्या पानावर जाते.

तळाचा मेन्यू विसरू नका

पाहुणा पैसे भरायच्या आधी खाली बघतो : हे लोक कोण, माल खराब निघाला तर काय? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव संकेतस्थळावर द्यावं लागतं. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. परतावा आणि डिलिव्हरीची पानंही तळाच्या मेन्यूतच जोडा. कंद नाशवंत, त्यामुळे 'पोचल्यावर किती तासांत फोटो पाठवायचा' हे आधीच ठरवून लिहिलेलं बरं.

पत्त्याच्या बाबतीत आपल्याकडे एक खास अडचण आहे. नुसतं 'सुपा' लिहिलं तर महाराष्ट्रातल्या माणसाला पारनेरचं सुपा आठवतं, नाही तर बारामतीचं सुपे. आपलं जुनं सुपा काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. नाव आपल्याला प्रिय आहे, ते दुकानाच्या पाटीवर जरूर ठेवा. पत्त्यात मात्र 'जोयडा तालुका, उत्तर कन्नड, कर्नाटक' पिनकोडासकट पूर्ण लिहा.

सगळं झालं की फोन घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या, ज्याने हे दुकान कधी बघितलेलं नाही. 'अर्धा किलो कणंग मागवून दाखव' एवढंच सांगा आणि गप्प बसा. बोट जिथे अडेल, तिथे मेन्यू बदला.