हसवणारा डॉक्टर आणि माईक धरायची रीत

स्वयंपाक आटोपला असेल, नसेल तर भाकरी थापता थापता ऐका. आज टीव्हीवरच्या एका माणसाबद्दल बोलायचंय. त्याला तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. डॉ. निलेश साबळे. ‘चला हवा येऊ द्या’वाले.

त्यांची आठवण का झाली ते आधी सांगते. मागे बचत गटांचा एक मेळावा होता. आमच्या गटातली एक मावशी पापडाच्या धंद्याबद्दल बोलायला उभी राहिली. तिने अहिराणीत ‘मनं नाव’ अशी सुरुवात केली. सूत्रसंचालन करणाऱ्याने लगेच माईक स्वतःकडे ओढला, बारीक आवाज काढून तिचं ‘मनं नाव’ पुन्हा म्हणून दाखवलं, आणि मांडव हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसले. मावशी खाली बसली. पापडाचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर वाटलं, हसवणं म्हणजे नक्की काय करायचं असतं? मग साबळे यांचे कार्यक्रम नीट पाहायला घेतले.

साबळे शिक्षणाने आयुर्वेदाचे डॉक्टर. नकला करायचा नाद मात्र पहिल्यापासून. झी मराठीवर ‘महाराष्ट्राचा सुपरस्टार’ ही अभिनयाची स्पर्धा झाली, तिच्या पहिल्याच पर्वात ते जिंकले. मग ‘फू बाई फू’मध्ये सूत्रसंचालन केलं. आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं. लिहिणं, दिग्दर्शन, सूत्रसंचालन आणि वेळ पडली तर नक्कल, ही सगळी कामं एका माणसाने केली. हा कार्यक्रम मार्च २०२४ पर्यंत चालला. म्हणजे साडेनऊ वर्षं! आपल्याकडे सून घरात येऊन तिची पोरं शाळेत जायला लागतात एवढा काळ.

कार्यक्रमातलं गाव होतं थुकरटवाडी. तिथे भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे आणि श्रेया बुगडे अशी मंडळी. शाहरुख खान, सलमान खान यांच्यासारखे मोठे नट या गावात पाहुणे म्हणून आले, आणि त्यांनाही या माणसांच्या तावडीतून सुटका मिळाली नाही.

आता नीट बघा, साबळे काय करायचे. प्रश्न आखूड विचारायचे. समोरचा बोलायला लागला की आपण गप्प. लोक हसत असले तर हसू ओसरेपर्यंत थांबायचे, पुढचं वाक्य त्यावर दामटायचे नाहीत. भाऊ कदम नुसते उभे राहिले तरी लोक हसतात. त्यांच्याशी चढाओढ न करता साबळे बाजूला सरकायचे आणि स्वतःवर विनोद ओढवून घ्यायचे. माईक त्यांच्या हातात, पण टाळी दुसऱ्याला. हे दिसायला सोपं वाटतं. आमच्या रेडिओवर मी पहिल्यांदा मुलाखत घेतली तेव्हा पाहुणीपेक्षा मीच जास्त बोलले होते, म्हणून सांगते.

दुसरी गोष्ट बोलीची. भारत गणेशपुरे अमरावतीकडचे. टीव्हीवर ते वऱ्हाडीतच बोलले, आणि तिच्यामुळेच ते घरोघरी ओळखीचे झाले. त्यांचं बोलणं नीट करून घ्यायचं कोणाच्या मनात आलं नाही. लोक हसायचे ते गणेशपुरेंच्या हजरजबाबीपणाला. आमच्या मेळाव्यात लोक हसले ते मावशीच्या तोंडच्या भाषेला. हसू दोन्हीकडे आलं, पण एक माणूस त्याने मोठा झाला आणि एक खाली बसली.

हसवता हसवता रडवायचंही या कार्यक्रमाला जमायचं. सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचे आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचे. आताच पोट धरून हसणारी माणसं त्या पत्राला डोळे पुसायची. आमच्या घरी सासूबाई बाकी कार्यक्रम झोपेत काढायच्या आणि पत्राला बरोबर जाग्या व्हायच्या.

सगळं गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. काही प्रहसनांवरून लोक नाराज झाले आणि साबळे यांना माफीही मागावी लागली. मला स्वतःला खटकायचं ते पुरुषांनी लुगडं नेसून बाई होणं. आता याची मुळं जुनी आहेत. तमाशातल्या गवळणीत ‘मावशी’ असते, ती पुरुषच करत आला. ते चालायचं, कारण ती मावशी फटकळ, कृष्णालाही न जुमानणारी. पण नुसतं जाड अंग आणि वेंधळी चाल दाखवली, तर त्यात बाईची हुशारी कुठे आली? म्हणून मला श्रेया बुगडे जास्त आवडते. इतक्या पुरुषांत तिने नाना तऱ्हेच्या बायका उभ्या केल्या, आणि त्या कोणाला ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. पुढे ‘होऊ दे व्हायरल’ या पर्वातून स्नेहल शिदम पुढे आली, हेही लक्षात ठेवा.

तसं पाहिलं तर खान्देशच्या बाईला हसवायला कोणी शिकवायची गरज नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून सासरच्यांची कशी उतरवतात! नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या पोरी उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालायच्या, ते तर आपल्या आज्यांनी केलेलं आहे. लग्नात विहिणीला गाण्यातून टोमणे मारतो ते वेगळंच. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, पण त्यांच्या ओव्यांत केवढी मिश्किली! आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तोंडात एवढं बळ असलेली आपण माणसं, माईक समोर आला की पदर तोंडाला लावतो.

साबळे यांनी २०२४ मध्ये कलर्स मराठीवर ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ हा नवा कार्यक्रम काढला. नाव त्यांच्याच नेहमीच्या बोलण्यातलं. तो फार दिवस चालला नाही. २०२५ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ परत आलं, तेव्हा सूत्रसंचालनाला अभिजीत खांडकेकर होते. माईक असा हातोहात फिरतच असतो.

आमच्या गटातही तो आता फिरवायचा ठरवलाय. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेरून कोणाला बोलवायचं नाही, सूत्रसंचालन त्याच मावशीने करायचं. आधी ती नाहीच म्हणत होती. मग म्हणाली, करते, पण सुरुवात ‘मनं नाव’नेच करीन, आणि मधे कोणी बोललं तर त्याचं नाव घेऊन विचारीन. पापडही आणणार आहे, विकायला. सुट्टे पैसे घेऊन या.