नवे व्यासपीठ केव्हा हवे?

एखाद्या मंडळात मतभेद झाले, की दोन-चार महिन्यांत त्याच गावात, त्याच उद्देशाने दुसरे मंडळ उभे राहते. गणेशोत्सव मंडळापासून साहित्यसंस्थेपर्यंत आणि ज्येष्ठ नागरिक संघापासून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळापर्यंत हा अनुभव सर्वत्र येतो. त्याला 'दुहीचा शाप' म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परंतु प्रत्येक फूट शापच असते असे नाही आणि प्रत्येक एकी वरदानही नसते. जुने व्यासपीठ सांभाळावे की नवे उभारावे, हा प्रश्न महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाने गेल्या दीडशे वर्षांत वारंवार सोडवला आहे. कधी बरोबर, तर कधी चुकीचा. त्या अनुभवाकडे शांतपणे पाहिले, तर आजही उपयोगी पडतील अशा काही कसोट्या हाती लागतात.

पन्नास मुखत्यारपत्रांची सभा

पुण्याच्या सार्वजनिक सभेचा जन्म एका स्थानिक तक्रारीतून झाला. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयी नागरिकांत असंतोष होता आणि तो मांडण्यासाठी लोक एकत्र जमले. ही तक्रार मिटली, तरी उद्या दुसरी उभी राहील आणि तेव्हा पुन्हा नव्याने माणसे जमवावी लागतील, हे गणेश वासुदेव जोशी यांच्या लक्षात आले. त्यातून 2 एप्रिल 1870 रोजी कायमस्वरूपी सभा स्थापन झाली. पुढे 'सार्वजनिक काका' हेच जोशींचे नाव झाले.

त्याआधी मुंबईत 1852 साली बॉम्बे असोसिएशन निघाली होती. मात्र ती प्रामुख्याने शहरातील धनिक आणि सुशिक्षित मंडळींची संस्था होती. पुण्याच्या सभेने वेगळा नियम केला. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा तो नियम होता. आरंभीच्या 95 सभासदांच्या मागे सुमारे सहा हजार लोकांची संमती उभी होती. मतदानाचा अधिकार कोणालाच नसलेल्या काळात 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' या सरकारी प्रश्नाला सभेने आधीच उत्तर तयार ठेवले होते.

सभा चालली ती मात्र केवळ या नियमामुळे नव्हे. 1871च्या अखेरीस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यात आले आणि सभेला अभ्यासाची शिस्त लागली. शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी, लोकांचे तंटे आपसात मिटवण्यासाठी लवाद न्यायालये, 1876-77च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा केलेली माहिती आणि 1878 पासून निघालेले इंग्रजी त्रैमासिक अशी कामे एकामागून एक उभी राहिली. त्रैमासिकातील बहुसंख्य लेख रानड्यांचे असत. परंतु सरकारी नोकरीत असल्यामुळे ते पडद्यामागेच राहत. कोणतेही व्यासपीठ टिकते ते अशा न दिसणाऱ्या कामावर. भाषण करणारे पुष्कळ मिळतात. वृत्तांत लिहिणारा, पत्रांना वेळेवर उत्तर देणारा आणि जमाखर्च चोख ठेवणारा माणूस दुर्मिळ असतो.

निवडणूक जिंकली, माणसे गेली

1880 साली सार्वजनिक काका निवर्तले. पुढील दशकात पुण्यातील सुशिक्षितांमध्ये दोन तट स्पष्ट झाले. लोकमान्य टिळक 1890 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते. 1891च्या संमतिवयाच्या कायद्याने सामाजिक सुधारणेवरील मतभेद तीव्र केले. तेव्हा सार्वजनिक सभेचे चिटणीस होते गोपाळ कृष्ण गोखले. 1895च्या जुलैमध्ये सभेच्या व्यवस्थापक मंडळाची निवडणूक झाली आणि टिळकपक्षाला बहुमत मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपात सामाजिक परिषद भरवावी की नाही यावरून वाद पेटला आणि अखेर परिषद दुसरीकडे घ्यावी लागली.

निवडणूक रीतसर होती. त्यामुळे पराभूत पक्षापुढे दोनच मार्ग उरले. सभेत अल्पमतात राहून पुढील संधीची वाट पाहावी, हा पहिला. आपली वेगळी सभा काढावी, हा दुसरा. रानड्यांनी दुसरा स्वीकारला. 1896 साली 'डेक्कन सभा' स्थापन झाली. उदारमतवाद आणि नेमस्तपणा ही तिची घोषित सूत्रे होती.

याचा हिशेब पुढच्याच वर्षी मांडता येतो. 1896-97च्या दुष्काळात टिळकांच्या प्रभावाखालील सार्वजनिक सभेने खेड्यापाड्यांत माणसे पाठवून दुष्काळ संहितेने शेतकऱ्याला कोणते हक्क दिले आहेत, हे समजावून सांगितले. लोकांपर्यंत पोहोचण्याचे हे काम मोलाचे होते; परंतु सरकारने 1897 साली सभेची मान्यता काढून घेतली. म्हणजे सरकारदरबारी लोकांची गाऱ्हाणी मांडण्याचा जो मार्ग सभेने पंचवीस वर्षांत तयार केला होता, तोच बंद झाला. दुसरीकडे डेक्कन सभेच्या वतीने गोखले 1897 साली इंग्लंडला गेले आणि हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी अभ्यासपूर्ण साक्ष दिली. तथापि, पन्नास मुखत्यारपत्रांमागे जे लोकबळ होते, ते या नव्या सभेला कधी लाभले नाही.

एका सभेकडे लोक राहिले आणि दुसरीकडे अभ्यास गेला. 1870च्या दशकात हे दोन्ही गुण एकाच छताखाली नांदत होते, हीच तिची खरी ताकद होती. दोन्ही सभांचा मूळ हेतू जवळपास एकच होता आणि श्रोतेही त्याच शहरातले होते. नवी सभा निघाली ती मुख्यतः जुनीचा ताबा गेला म्हणून. अशा फुटीची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते.

जिथे वेगळे घर अटळ होते

याउलट काही प्रसंगी नवे व्यासपीठ न काढणे हाच अन्याय ठरला असता. 1885 साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनाही निमंत्रण होते. त्यांनी ते पत्राने नाकारले. माणसामाणसांतले समान हक्क जे आचरणात मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आपल्या सभांचा व ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. व्यवस्थापक मंडळावर आपली माणसे असावीत, असा हा आग्रह नव्हता. ज्या अनुभवाविषयी बोलायचे, तो अनुभव त्या सभेच्या विषयपत्रिकेवर येण्याची शक्यताच नव्हती, हे फुल्यांचे म्हणणे होते. त्यांनी 1873 मध्येच सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती.

पुढे 1958 साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले. अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' सुरू केले आणि त्यातून लेखकांची एक पिढीच उभी राहिली. या नव्या व्यासपीठांनी जुन्याचे श्रोते पळवले नाहीत. जे आजवर श्रोतेही नव्हते आणि वक्तेही नव्हते, त्यांना त्यांनी जागा करून दिली. त्यामुळेच अखेर मराठी साहित्याचा मुख्य प्रवाहही बदलला.

गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. 1881 पासून 'केसरी'चे संपादक असलेल्या आगरकरांनी 1887 साली ते पद सोडले आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढला. सामाजिक सुधारणेविषयीचे त्यांचे विचार 'केसरी'च्या सामायिक धोरणात मावत नव्हते. एका पत्राला एका वेळी दोन धोरणे असू शकत नाहीत. साहजिकच इथे वेगळे होणे दोघांच्याही हिताचे ठरले.

जोडणारी वाट

वेगळेपण ठेवूनही एकत्र येण्याची तिसरी वाट असते. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद 1906 सालची, विदर्भ साहित्य संघ 1923चा, मुंबई मराठी साहित्य संघ 1935चा, तर मराठवाडा साहित्य परिषद 1943ची. प्रत्येक संस्थेला आपापल्या प्रदेशाची गरज होती. मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1961 साली या चौघींनी मिळून अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापले आणि महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी एका संस्थेकडून दुसरीकडे जाईल अशी व्यवस्था केली. कार्यालय फिरते ठेवण्यामागे व्यवहारज्ञान होते. ताबा कायमचा कोणाकडेच राहणार नसेल, तर तो मिळवण्यासाठी संस्था फोडण्याचे कारणही उरत नाही. महामंडळावर पुढे टीका पुष्कळ झाली, पण ही रचना टिकली.

निर्णयापूर्वीचे चार प्रश्न

या साऱ्यातून काय निष्पन्न होते? नव्या संस्थेचा विचार करणाऱ्यांनी आधी चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे द्यावीत. आपले म्हणणे जुन्या सभेत मांडताच येत नाही, की मांडता येते पण मान्य होत नाही? नव्या व्यासपीठावर येणारी माणसे खरोखर नवी असतील, की तीच माणसे दोन ठिकाणी विभागली जातील? भांडण विषयाचे आहे की खुर्चीचे? आणि उद्घाटनाचा उत्साह ओसरल्यावर, पाचव्या वर्षी इतिवृत्त कोण लिहिणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. 1860च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार सात जण एकत्र आले की संस्था नोंदवता येते. पण नोंदणीनंतर दरवर्षी कार्यकारिणीची यादी सादर करणे, हिशेब तपासून घेणे आणि पदाधिकारी बदलले की ठरलेल्या मुदतीत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज दाखल करणे ही कामे मागे लागतात. ती न झाल्याने कागदावरच उरलेल्या आणि कोर्टात अडकलेल्या संस्था थोड्या नाहीत.

जुनी संस्था चालवणाऱ्यांवरही तितकीच जबाबदारी येते. बहुमताने निवडणूक जिंकता येते. पण अल्पमतातल्या माणसाला बोलायला जागा आणि करायला काम देता आले नाही, तर तो जातो आणि त्याच्यासोबत पंचवीस वर्षांचा अभ्यासही जातो. पुण्यात 1895 साली नेमके हेच घडले. फुले मात्र ज्या सभेला गेलेच नाहीत, तिच्या दारात उंबरठाच फार उंच होता. आपल्या सभेतून कोण निघून गेले, हे संस्थाचालकांना सहसा ठाऊक असते. आत कोण आलेच नाही, याची नोंद मात्र कोणत्याही इतिवृत्तात नसते आणि नव्या व्यासपीठाची खरी गरज तिथेच असते.