घराच्या व्यवहारात वकील तीन-तीन असतात, पण त्यातला तुमचा कोण?

डोंबिवलीतल्या ६५ इमारतींची बातमी तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार करण्यात आल्या, त्या दाखवून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले आणि फ्लॅट विकले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले.

तेव्हा तिथे राहणाऱ्या अनेक कुटुंबांकडे नोंदणी झालेला करारनामा होता. बँकेचं गृहकर्ज होतं. रेरा नंबरही होता. म्हणजे आपण ज्या तीन गोष्टी बघून 'सगळं क्लिअर आहे' असं घरी सांगतो, त्या तिन्ही होत्या.

मग ही परवानगी महापालिकेने खरंच दिली आहे का, हे खरेदीदाराच्या वतीने जाऊन विचारायचं कुणी? हे काम त्याने स्वतः नेमलेल्या, त्या भागातल्या मिळकतींची माहिती असलेल्या वकिलाचं. ब्रिटनमध्ये घराचा व्यवहार सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सरकडून करून घेणं ही रूढ पद्धत आहे. आपल्याकडे तसं बंधन नाही. त्यामुळे टाइल्सचा रंग ठरवायला आपण चार दुकानं फिरतो आणि वकील मात्र एजंट सुचवेल तो.

(मुंबईत 'सॉलिसिटर' हा शब्द अजून वापरात आहे. त्यासाठी बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची वेगळी परीक्षा असते. पण घराच्या व्यवहारासाठी सॉलिसिटरच हवा असं नाही. मिळकतीची कामं नियमित करणारा कोणताही सनदधारक वकील चालतो.)

सगळेच तपासतात, पण आपापल्यापुरतं

दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली म्हणजे सरकारने मालकी मान्य केली, असा मोठा गैरसमज आहे. नोंदणी दस्ताची होते, मालकीची नाही. तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. विकणाऱ्याची मालकी खरी आहे की नाही, हे ठरवणं नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

बँकेचा पॅनल वकील कागद बघतो, पण त्याचा अशील बँक असते. फी तुमच्या खात्यातून कापली गेली तरी अहवाल बँकेच्या फाइलमध्ये जातो आणि अनेकदा त्याची प्रतही तुम्हाला मिळत नाही. पॅनल वकिलाचा अभिप्राय चुकीचा निघाला, एवढ्यावरून त्याच्यावर फौजदारी खटला चालवता येत नाही, कटात सहभाग दिसायला हवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. इमारत पडली तरी कर्ज तुमच्याच नावावर राहतं, हे वेगळं सांगायला नको.

नव्या प्रकल्पात बिल्डरच्या वकिलाचा टायटल रिपोर्ट महारेराच्या वेबसाइटवर असतो. तो जरूर डाउनलोड करा, आपल्या वकिलाला द्या. पण तो लिहिणाऱ्याची फी बिल्डरने दिलेली असते, हे लक्षात ठेवूनच वाचा.

राहिला एजंट. "आपलाच माणूस आहे, पाच हजारात करून देतो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. एजंटला दलाली व्यवहार झाला तरच मिळते. त्याच्याकडून महिन्याला पाच कामं मिळणारा वकील 'हा फ्लॅट घेऊ नका' असं किती वेळा म्हणेल, याचा विचार तुम्हीच करा.

'बेस्ट प्रॉपर्टी लॉयर निअर मी'

हे सर्च करून फार काही हाती लागणार नाही, आणि त्याला कारण आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलांना जाहिरात करायला किंवा काम मागायला बंदी आहे. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वेबसाइटवरून वकिलांची जाहिरात करण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले आणि बार कौन्सिलला कारवाई करायला सांगितलं. म्हणजे यादीत वर दिसणारा, 'टॉप रेटेड' वगैरे लिहिलेला वकील कामात वर असेलच असं नाही. बहुतेक चांगल्या प्रॉपर्टी वकिलांची तर वेबसाइटही नसते.

मग शोधायचं कुठे? ज्या इमारतीत किंवा ज्या गावात घर बघताय, तिथे गेल्या एक-दोन वर्षांत घर घेतलेल्या लोकांना विचारा. ज्या सोसायटीने डीम्ड कन्व्हेयन्स किंवा पुनर्विकास पार पाडलाय, तिच्या सेक्रेटरीला विचारा, कारण त्या लोकांनी वकिलाला वर्ष-दोन वर्षं जवळून पाहिलेलं असतं. तुमचा सीए सांगू शकेल. नात्यात वकील असेल तर त्याला काम देण्याआधी जरा थांबा. फौजदारी कोर्टात नाव असलेला मामेभाऊ फेरफार नोंदी रोज वाचत नसतो. त्याला एवढंच विचारा, "दादा, या तालुक्यात मिळकतीचं काम कोण करतं?"

नाव मिळालं की सनद नंबर विचारायला लाजू नका. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वकिलांची नोंदणी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे असते.

लोकलच का?

कायदा राज्यभर एक असला तरी जमिनीचा इतिहास दर तालुक्याला बदलतो. नवी मुंबईत अनेक इमारतींखालची जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली आहे. तिथे हस्तांतरासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क हा वेगळाच अध्याय असतो. मुंबईत पागडी, उपकरप्राप्त इमारत, म्हाडाची वसाहत, कलेक्टरची जमीन असे प्रकार, आणि प्रत्येकाची ना-हरकत वेगळ्या दारातून येते. पुण्याच्या आसपास भोगवटादार वर्ग २ ची जमीन निघाली तर आधी सरकारी परवानगी तपासावी लागते. पालघर, नाशिककडे एखादी जमीन कधीकाळी आदिवासी खातेदाराची होती का, हे बघावं लागतं, कारण ती मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं आणि शिवाय कुळाची नोंद, यात नवल काही नाही.

गोव्यात तर सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक-चौदा येतो. तिथल्या नागरी कायद्यामुळे लग्न झालेला माणूस मिळकत विकत असेल तर सहसा पती-पत्नी दोघांच्याही सह्या लागतात. पुण्याच्या वकिलाला हे पुस्तकातून माहीत असेल, म्हापशाच्या वकिलाला सवयीने.

दुसरं कारण अगदी साधं आहे. लोकल वकील स्वतः किंवा त्याचा क्लार्क नोंदणी कार्यालयात, तलाठ्याकडे, नगररचना विभागात चालत जाऊ शकतो. डोंबिवलीसारख्या प्रकरणात नेमकं हेच लागतं: परवानगीचा जावक क्रमांक घेऊन महापालिकेत जाणं आणि तो त्यांच्या नोंदीत आहे का, हे बघणं.

पहिल्या भेटीत काय बघायचं

तुम्ही काय विचारता यापेक्षा वकील तुम्हाला काय विचारतो, याकडे लक्ष द्या. फ्लॅट रीसेलचा आहे का? पहिला करारनामा कुणाच्या नावाने? मधल्या काळात कुणी वारलंय का? कन्व्हेयन्स झालाय का? भोगवटा प्रमाणपत्र आहे का? विकणारा परदेशात राहतो का? असे प्रश्न आले तर माणूस कामाचा आहे. "कागद व्हॉट्सअ‍ॅप करा, परवा रिपोर्ट देतो" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा.

यातला 'कुणी वारलंय का' हा प्रश्न सगळ्यात महाग पडू शकतो. वडिलांच्या नावावरचा फ्लॅट नॉमिनी असलेला एक भाऊ विकतो, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव असतं, सगळं छान दिसतं. पण नॉमिनी म्हणजे एकटा मालक नव्हे. बहिणींचं हक्कसोडपत्र झालं नसेल तर त्यांचा हिस्सा तसाच उभा असतो.

परदेशातला विक्रेता हा दुसरा सापळा. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण विक्रेता अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही, कपात बरीच जास्त असते. ती कापली नाही तर आयकर विभाग तुम्हालाच गाठतो, अमेरिकेतल्या विक्रेत्याला नाही. तो मुखत्यारपत्र देऊन भावाला सहीला पाठवत असेल, तर ते मुखत्यारपत्र खरं आहे का आणि अजून लागू आहे का, हेही वकिलानेच बघायचं.

सर्च रिपोर्ट शेवटच्या पानापासून वाचा

वकिलाच्या कामाचा मुख्य पुरावा म्हणजे सर्च रिपोर्ट. सहसा ३० वर्षांचा शोध घेतात. गहाण सोडवून घेण्याचा दावा ३० वर्षांपर्यंत करता येतो, हे त्यामागचं एक कारण. सूची क्रमांक दोन, फेरफार, मिळकत पत्रिका यावरून मालकी एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली, हे त्यात सलग दिसायला हवं.

पहिल्या पानावर 'निर्वेध व विक्रीयोग्य' असं ठळक लिहिलेलं असतं. खरी गंमत शेवटी असते. 'दाखवलेल्या झेरॉक्स प्रतींवरून', 'अमुक सालचे रजिस्टर उपलब्ध नाही', 'काही पाने फाटलेली आढळली'. अशा नोंदी असणं वाईट नाही, उलट तो प्रामाणिकपणा आहे. पण मग त्या वर्षांसाठी दुसरा कोणता कागद बघितला, हे विचारा. सर्च फीची सरकारी पावती रिपोर्टला जोडलेली आहे का, तेही बघा. पावती नसेल तर शोध घेतलाच असेल याची खात्री नाही.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये तुम्ही स्वतःही दस्त शोधून बघू शकता. तो वकिलाला पर्याय नाही, पण रिपोर्टशी ताडून बघायला बरा. रीसेलमध्ये वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगा. कोपऱ्यातल्या त्या बारीक अक्षरांमुळे कधीकधी विसरलेला सावत्र भाऊ पुढे येतो, आणि तो टोकन देण्याआधी आलेला बरा.

फी किती?

ठरलेला दर नाही. शहर, मिळकत आणि कामाप्रमाणे आकडा बदलतो. म्हणून काय-काय करणार ते लेखी घ्या: फक्त सर्च, की करारनाम्याचा मसुदा, जाहीर नोटीस आणि नोंदणीला हजर राहणंही? किमतीच्या टक्क्यात फी मागणाऱ्याला आधी कामाचा हिशोब विचारा.

महाग वाटत असेल तर एक गणित. पुणे महापालिका हद्दीत ७० लाखांच्या फ्लॅटवर अधिभारांसह ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख ९० हजार. खरेदीदार महिला असेल तर १ टक्का सवलत. वर नोंदणी फी ३० हजार. एजंटला एक टक्का धरला तरी ७० हजार. हे सगळं निमूट देऊन आपण घासाघीस करतो ती वकिलाशी.

आणि वकील टोकन देण्याआधी गाठा. टोकन दिल्यावर त्याने खोट काढली तर पैसे परत मिळवणं हेच नवं काम होऊन बसतं.

विकणाऱ्यालाही वकील हवा?

हवा, पण काम कमी असतं. पैसे कोणत्या टप्प्यात येणार, खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झालं तर टोकनचं काय, ताबा कधी द्यायचा, या तीन गोष्टी मसुद्यात नीट आल्या की बरीच भांडणं टळतात. दोन्ही बाजूंना एकच वकील ठेवून पैसे वाचवायचा मोह होतो. वाद झाला तर तो वकील दोघांपैकी कुणाच्याच कामाचा राहत नाही.

वकीलच चुकला तर?

ग्राहक मंचात जाता येणार नाही. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता कायदा, १९६१ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते, नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा लावता येतो. दोन्हीला वेळ लागतो, आणि दोन्हीत तुम्हाला लागेल तो वकिलाच्या सहीचा मूळ रिपोर्ट, फीची पावती आणि तुमच्यात झालेले मेसेज. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवर भागवू नका, सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या आणि करारनाम्याच्या फाइलमध्येच ठेवा. दहा वर्षांनी घर विकायला काढाल, तेव्हा समोरचा वकील मागेल त्या पहिल्या कागदांत तो असेल.