पेशी म्हातारी का होते?

आंबेनळी घाटाच्या उतारावर करवंदे तोडताना काटा नातवाला आणि आजोबांना सारखाच ओरखडतो. परंतु नातवाची जखम लवकर भरते, आजोबांची रेंगाळते. याचे एक कारण पेशीत आहे.

जखम भरण्यासाठी पेशींचे विभाजन व्हावे लागते, आणि प्रत्येक विभाजनापूर्वी आनुवंशिक दप्तराची जी नक्कल उतरविली जाते, तीत कारकुनाच्या हातून शेवटची काही अक्षरे सुटतातच. म्हणून गुणसूत्रांच्या टोकांस ‘टेलोमिअर’ नामक पुनरुक्त अक्षरांचा समास निसर्गाने राखून ठेवला आहे. तो झिजला की विभाजन थांबते; प्रयोगपात्रातील मानवी पेशी सुमारे ५० वेळाच विभागतात, हे हेफ्लिक व मूरहेड यांनी १९६१ साली दाखविले. अशा निवृत्त पेशी दाहकारक द्रव्ये स्रवून शेजारणींनाही उपद्रव देतात.

समास पूर्ववत करणारे टेलोमरेज हे विकर शरीरातील बहुतेक पेशींत निद्रिस्त असते; बहुतेक कर्करोगांत मात्र ते जागृत असते. तेव्हा विभाजनाची ही मर्यादा काही अंशी संरक्षकही आहे.